अर्ध्या एकराचा उन्हाळा

पाटबंधारे खात्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. १४ ऑक्टोबरला खरीप संपतो, १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर रब्बी, आणि १ मार्च ते ३० जून हा उन्हाळी हंगाम. धरणात १५ ऑक्टोबरला जेवढं पाणी असेल, त्यावर पुढच्या आठ महिन्यांचा हिशेब मांडतात. मग कालवा सल्लागार समितीची बैठक होते, रब्बीची आणि उन्हाळ्याची किती आवर्तनं, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, सुटतील याचे आकडे बाहेर येतात, आणि बारामती-इंदापूरच्या चहाच्या टपऱ्यांवर त्या आकड्यांची चिरफाड सुरू होते. बहुतेक वर्षी हे सगळं दिवाळीच्या आगेमागेच घडतं. भेंडीचं बी घ्यायला शेतकरी दुकानात जातो तो जानेवारीच्या शेवटी. त्या भेंडीचं काय होणार हे मात्र फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या बरंचसं ठरून गेलेलं असतं.

उन्हाळी भाजीपाल्यावर जे सल्ले छापून येतात, त्यात कोणती भाजी लावावी, कोणतं वाण घ्यावं, किती खत द्यावं, असं सगळं असतं. किती लावावी, हे फारसं कोणी सांगत नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या एक-दोन एकरवाल्यांचे उन्हाळे मात्र बुडतात ते बहुधा याच प्रश्नावर. २०१५-१६च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. त्यात ऊस असतो, कडवळ असतं, घरचे गहू असतात. भाजीला उरतात वीस-तीस गुंठे. ते वीसच ठेवायचे की मोह होऊन चाळीस करायचे, एवढीच खरी निवड असते.

बाहेरच्या माणसाला बारामती म्हटलं की हिरवा ऊस आणि कारखान्यांची धुराडी दिसतात. ते चित्र नीरेकाठचं. तालुक्याच्या उत्तरेला सुपे, मोरगाव या बाजूला कऱ्हेच्या खोऱ्यात गेलं की जिरायत पट्टा लागतो. पाऊस सालाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. जनाई-शिरसाई उपसा योजनेचं पाणी येतं तेव्हा येतं. इंदापुरात नीरा डाव्या कालव्याचं शेपूट आहे, तालुक्याच्या काही भागाला खडकवासल्याचं पाणी, आणि उत्तरेच्या अंगाला भीमेवर उजनीचा फुगवटा. एकाच जिल्ह्यातले हे दोन शेजारी तालुके, पण उन्हाळ्याचं नियोजन तीन तऱ्हांचं: कालव्यावरचं, विहीर-शेततळ्यावरचं आणि फुगवट्यावरचं.

सुप्याचं नाव इतिहासात आहे ते पाण्यासाठी नव्हे, कर्जासाठी. १२ मे १८७५ या दिवशी, भर उन्हाळ्यात, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि दस्त पेटवले आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटलं. २०२५ साली त्याला दीडशे वर्षं झाली. पाठोपाठ १८७६-७७चा दुष्काळ आला. भाटघरचं धरण आणि नीरा डावा कालवा ही कामं त्यानंतरच्या वर्षांतली. १८८५च्या सुमारास कालव्याला पाणी सुटलं. पाणी आलं तसा ऊस आला. ऊस एवढा वाढला की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुणे विभागात कार्यकारी अभियंता असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी इथे ‘ब्लॉक’ पद्धत आणली. कालव्याखालच्या जमिनीचे गट पाडायचे, गटाच्या ठरावीक हिश्श्यातच ऊस करायचा, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं घ्यायची आणि दरवर्षी जागा फिरवायची. १९१० साली हॅरल्ड मॅन आणि ताम्हणे या दोन कृषी शास्त्रज्ञांनी नीरेच्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर सरकारसाठी पुस्तिका लिहिली. म्हणजे पाणी आल्यावर पंचवीस वर्षांच्या आत अति पाण्याने जमिनी खराब झाल्याची नोंद झालेली होती. तो खार आजही आहे. अशा रानात घेवडा लावला तर पानं कडेने करपतात आणि पीक बसतं. पालक आणि बीट मात्र तिथं बऱ्यापैकी तग धरतात. नदीकडच्या जुन्या बागायतदाराला हे माती परीक्षणाशिवायच ठाऊक असतं, पण त्याने विकलेल्या तुकड्यावर नव्याने भाजी करणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही.

कालव्यावरचा हिशेब वरवर सोपा दिसतो. पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरायचा आणि पाळी आली की दारं धरायची. शेजपाळीचा, म्हणजे पाण्याच्या पाळ्यांचा, नियम शेपटाकडून माथ्याकडे येण्याचा आहे. प्रत्यक्षात शेपटाला पाणी पोहोचेपर्यंत वर किती जणांनी उचललं, यावरून दरवर्षी भांडणं होतात. उन्हाळ्यात दोन पाळ्यांमध्ये महिना-दीड महिन्याचं अंतर पडू शकतं. ऊस तेवढी कळ काढतो. भेंडी आठवडाही काढत नाही. त्यामुळे कालव्याच्या पाण्यावर थेट उन्हाळी भाजी होतच नाही, ती होते विहिरीवर. आणि विहीर भरते कालव्याच्या पाझरावर. नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाला इथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला तो यासाठीच. सरकारी कागदावर जी गळती असते, ती कालव्याकाठच्या विहिरीची आवक असते. सिमेंटचं अस्तर झालं तर शेपटाला पाणी जास्त पोहोचेल हे खरं, आणि माथ्याच्या विहिरी आटतील हेही खरं. या वादात कोणाची बाजू बरोबर हे माणूस कालव्यापासून किती लांब राहतो त्यावर ठरतं. एरवी एकमेकांच्या सोयरिकीत असलेली गावं या एका मुद्द्यावर समोरासमोर येतात.

विहिरीचं पाणी मोजायचा जुना उपाय अजून कोणी मोडीत काढलेला नाही. मोटार चालू करायची, दोनशे लिटरचा पिंप लावायचा, किती सेकंदांत भरतो ते बघायचं. मग विहीर उपसून किती तासांनी पुन्हा तेवढी येते ते बघायचं. हे करायचं ते फेब्रुवारीत. दिवाळीत विहीर तुडुंब असते आणि माणसाला फसवते. आपला काळा पाषाण पाणी धरून ठेवणारा नव्हे. मार्च लागला की झरे एकेक करून मिटतात.

आता शेततळं घेऊ, कारण जिरायत पट्ट्यातली उन्हाळी भाजी त्याच्यावर आहे आणि हिशेब तिथे उघडा दिसतो. २०१६ साली राज्य सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल हे तिच्यातलं नेहमीचं माप. बाजू उतरत्या असल्याने त्यात साधारण बावीस लाख लिटर पाणी मावतं. बावीस लाख म्हटलं की डोळे विस्फारतात. पण तळ्याचं तोंड नऊशे चौरस मीटरचं आहे आणि या भागात एप्रिल-मेमध्ये दिवसाला आठ मिलिमीटर पाणी सहज वाफ होऊन जातं. तळं भरलेलं असताना रोजचे सात हजार लिटर उन्हाने प्यायले. पातळी खाली जाईल तसं तोंड आकसतं, तरी तीन महिन्यांत पाच-सहा लाख लिटर जातातच. तळाचा गाळ, मोटारीच्या फुटव्हॉल्व्हखाली राहणारं पाणी, जनावरांचं पिणं धरलं की हातात पंधरा लाख उरतात.

आता पिकाकडून पाहा. ठिबकवर असलेल्या वेलवर्गीय किंवा फळभाजीला भर एप्रिलमध्ये दिवसाला साधारण सहा मिलिमीटर पाणी लागतं. गुंठ्याला ते सहाशे लिटर होतात. रोप लहान असताना तिसऱ्या हिश्श्यात भागतं, म्हणून शंभर दिवसांची सरासरी साडेचारशे धरू. वीस गुंठ्यांना शंभर दिवसांचे नऊ लाख लिटर, चाळीस गुंठ्यांना अठरा लाख. हातात पंधरा. म्हणजे एका एकराला तीन लाख लिटर कमी पडतात, आणि ते कमी पडतात नेमके शेवटच्या बारा-तेरा दिवसांत, तोडे जोरात चालू असताना. दहा हजारांच्या टँकरने भरून काढायचे तर तीस टँकर. वीस गुंठेवाल्याकडे सहा लाख लिटर शिल्लक राहतात. त्याला पाऊस पंधरा दिवस उशिरा आला तरी झोप लागते. पंचवीस-तीस गुंठ्यांपर्यंत जायला हरकत नाही, पण एकराची हाव या तळ्याला झेपत नाही. मल्चिंगने बाष्पीभवन कमी होईल, जमीन भारी असेल तर थोडं भागेल, हे सगळं मान्य. तरी माझं मत असं की या सुटीचा फायदा क्षेत्र वाढवण्यात घालवू नये, शिलकीत ठेवावा.

उजनीकडची गोष्ट उलटी आहे. तिथं पाणी समोर दिसतं, पण दूर पळतं. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त, जवळजवळ ६४ टीएमसी, मृतसाठा. बहुतेक उन्हाळ्यांत आकडा शून्याखाली जातो आणि ‘उणे’ टक्क्यांची भाषा सुरू होते. २०२४च्या उन्हाळ्यात तो एवढा खाली गेला की पळसदेवचं पाण्याखालचं जुनं मंदिर उघडं पडलं आणि शहरातून लोक फोटो काढायला आले. त्याच वेळी काठचे शेतकरी मोटारी आणि पाइप घेऊन पाण्यामागे धावत होते. पाणी शंभर मीटर मागे सरकलं की शंभर मीटर पाइप, शंभर मीटर केबल. हा खर्च कोणत्याही पिकाच्या पत्रकात लिहिलेला नसतो. बदल्यात उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत बिनखताची पिकं येतात, पण ती कधी बुडतील याची हमी कोणी देत नाही.

क्षेत्र ठरलं की तारखा. उन्हाळी हंगाम म्हणून एकच तारीख सांगणं चुकीचं आहे; प्रत्येक भाजीचं उन्हाशी वेगळं नातं आहे. भेंडीला ऊन चालतं, थंडी चालत नाही. मकरसंक्रांतीच्या कडाक्यात पेरली तर बी जमिनीत कुजतं, निम्मं उगवतं, आणि मग नांगे भरण्यात आठवडे जातात. जानेवारीच्या शेवटी रात्रीचा गारठा मोडला की टोकण करावी. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिला तोडा. गवारीचंही तसंच, पुसा नवबहार हे जुनं वाण अजून लोकांच्या तोंडी आहे. काकडी, दोडका, कारलं, दुधी यांची लागण जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची हिमांगी आणि फुले शुभांगी काकडी, फुले सुचेता दोडका, हिरकणी आणि फुले ग्रीन गोल्ड कारलं ही नावं कृषी विभागाच्या पत्रकांत कायम असतात, रानात मात्र खासगी कंपन्यांच्या संकरित बियाण्याचीच पाकिटं जास्त दिसतात. वेलवर्गीयांना उशीर केला तर एक गंमत होते: ऊन आणि दिवस वाढले की वेलावर नरफुलं वाढतात आणि मादीफुलं घटतात. वेल हिरवागार, फुलांनी लगडलेला, आणि फळ नाही. शेतकरी खताच्या दुकानात जातो; दुकानदार टॉनिक देतो. चूक तारखेची असते.

टोमॅटोचं गणित याहून कडक. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर आणि रात्रीचं बावीस-चोवीसच्या वर राहिलं की फुलं गळतात, फळधारणा बसते. इथे एप्रिलच्या मध्यापासून हेच असतं. म्हणून रोपं जानेवारीअखेर रानात गेली पाहिजेत, म्हणजे मुख्य फळधारणा मार्चमध्ये उरकते. त्यासाठी रोपवाटिकेत ट्रे डिसेंबरच्या शेवटी भरले पाहिजेत आणि नोंदणी त्याआधी. फेब्रुवारीच्या मध्यावर जाऊन मिळतील ती रोपं घेणारा माणूस दुसऱ्या कोणाची रद्द झालेली ऑर्डर घरी आणतो, आणि ती बहुधा वय झालेली असते.

कोथिंबीर वेगळीच. ती उन्हाची वैरीण, म्हणूनच उन्हाळ्यात तिला भाव. एकदम पंधरा गुंठे पेरण्याऐवजी पाच-पाच गुंठ्यांचे वाफे दहा-बारा दिवसांच्या अंतराने, वर शेडनेटची सावली, धने रगडून दोन फाके केलेले. जुगार आहेच, पण छोट्या छोट्या डावांचा. एक वाफा पडत्या भावात गेला तरी पुढचा लग्नाच्या तिथीवर सापडतो.

तिथी हा शब्द इथे सहज आला, पण भाजीचं खरं पंचांग बाजारातच आहे. बारामतीचा जळोचीचा बाजार, इंदापूर, पुण्याचं मार्केट यार्ड, थोडा माल वाशीला. कलिंगडाचं उदाहरण घ्या. त्याची मोठी मागणी रमजानात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो: २०२२ साली ३ एप्रिलच्या आसपास सुरू झाला, २०२५ साली २ मार्चला, आणि २०२६ला फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. कलिंगड लागणीपासून सत्तर दिवसांचं पीक. २०२२ साली जानेवारीच्या शेवटी लावून बाजार गाठता येत होता. २०२६चा रमजान गाठायचा तर डिसेंबरच्या सुरुवातीला, ऐन थंडीत लावावं लागतं. थंडीत वाढ हळू, म्हणून सत्तरचे ऐंशी-पंच्याऐंशी दिवस होतात. मल्चिंग पेपर आणि वरून पांढरं क्रॉप कव्हर घातल्याशिवाय जमत नाही. खर्च वाढला आणि उन्हाळी म्हणवणारं पीक थंडीत गेलं. पुढच्या काही वर्षांत रमजान जानेवारीत जाईल तेव्हा हे कोष्टक पुन्हा मोडेल. ज्यांना हे आधी दिसलं त्यांनी थोडं कलिंगड रमजानासाठी आणि थोडं एप्रिलच्या उन्हासाठी असे दोन भाग केले आहेत.

टोमॅटोने २०२३ साली काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. मे महिन्यात राज्यात ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले, कारण विक्रीच्या पट्टीत तोडणी, क्रेट, गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हाती काही उरत नव्हतं. जुलैत त्याच टोमॅटोने शहरात शंभरी ओलांडली. मेमध्ये प्लॉट उपटलेल्याला जुलैच्या भावाचा उपयोग शून्य. ज्यांचा प्लॉट टिकला, ते त्या हंगामात लखपती झाले, आणि पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांनी टोमॅटो लावला. या चक्रावर उपाय म्हणून एक पीक निवडण्यापेक्षा वीस गुंठ्यांत तीन पिकं करणं बरं: एक रोज-दिवसाआड पैसे देणारं, जसं भेंडी किंवा गवार, एक जोखमीचं, आणि एक पालेभाजी, जी महिन्या-दीड महिन्यात मोकळी होते. व्यापाऱ्याला हे आवडत नाही, त्याला एकजात भरलेली गाडी हवी असते. त्याच्याकडून उचल घेतलेली असेल तर शेतकऱ्याला तीन पिकांचं स्वातंत्र्यही राहत नाही. सुप्याच्या वह्या जळून दीडशे वर्षं झाली. वहीचा मालक बदलला, एवढंच.

भेंडी लावा म्हणणं सोपं, तोडणं बायकांच्या हाताला. दिवसाआड तोडा. एक दिवस चुकला तर भेंडी निबर, पट्टीत निम्मा भाव. पहाटे उजेड पडायच्या आत सुरू करून ऊन चढायच्या आत आटपायचं, अंगावर पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, हातात मोजे, तरी लव टोचून हात खाजतात. घरात दोन बायका असतील तर दहा गुंठे भेंडी निभते. वीस केली की मजूर, आणि उन्हाळ्यात मजूर मिळेल त्याच भावाने मिळतो. पाण्याच्या हिशेबाआधी खरं तर हा हिशेब घरात विचारायला हवा. क्षेत्र ठरवताना तोडणारीला विचारलं जातं अशी घरं मला तुरळकच दिसली.

रोगांबद्दल थोडक्यात. २०२० साली टोमॅटोवर ‘तिरंगा’ म्हणून जी साथ गाजली, त्यात फळांवर पिवळे-लाल पट्टे पडले, लोक घाबरले, नाही नाही त्या अफवा उठल्या. बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेच्या तपासणीत एकाहून अधिक विषाणू सापडले. उन्हाळ्यात पांढरी माशी, मावा आणि फुलकिडे वाढतात, आणि यांतले बरेच विषाणू त्यांच्यावरून प्रवास करतात. भेंडीचा हळद्याही पांढऱ्या माशीचाच. फवारणीपेक्षा लागणीआधीचं काम जास्त उपयोगी: टोमॅटो, मिरचीच्या कडेने मक्याच्या दोन ओळी पंधरा-वीस दिवस आधी पेरून ठेवायच्या, पिवळे-निळे चिकट सापळे लावायचे, वेलवर्गीयात फळमाशीचे गंधसापळे. कडेचा मका जनावरांना होतो, तेव्हा ते दोन फूट वायाही जात नाहीत.

सल्ला देणाऱ्या संस्थांची या तालुक्याला वानवा नाही. साठच्या दशकाच्या शेवटी दुष्काळी भागात कामाच्या बदल्यात धान्य देऊन पाझर तलाव खोदले गेले, त्या कामातून १९७१ साली अप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. त्याच्या कृषी विज्ञान केंद्रात भाजीपाल्याचं भारत-डच गुणवत्ता केंद्र आहे, जानेवारीत ‘कृषिक’ प्रदर्शन भरतं तेव्हा लांबलांबून लोक येतात. शेजारीच माळेगावला २००९ पासून अजैविक ताणांवर, म्हणजे ऊन, खार, दुष्काळ यांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. प्रदर्शनात हरितगृहातली रंगीत ढोबळी पाहून माणूस थक्क होतो आणि ते बरोबरच आहे. फक्त दीड एकरवाल्याने तिथून परत येताना हरितगृहाचं अंदाजपत्रक आणण्याऐवजी ठिबकच्या नळीची तपासणी कशी करायची ते विचारून यावं. साचलेल्या क्षाराने निम्मे ड्रिपर बंद असतील तर वरचा सगळा लिटरांचा हिशेब पाण्यात जातो.

आणि मग २५ मे २०२५. पाण्याच्या कमतरतेवर उभं केलेलं हे नियोजन त्या दिवशी दुसऱ्या बाजूने फुटलं. बारामती-इंदापुरात मे महिन्यातच धो धो पाऊस कोसळला, पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला, पालखी मार्गावर पाणी आलं, एनडीआरएफची पथकं बोलवावी लागली. मान्सूनही त्याच दिवसांत राज्यात शिरला, नेहमीपेक्षा कितीतरी आधी. उभ्या टोमॅटोची फळं तडकली, काकडीचे मांडव आडवे झाले, काढून ठेवलेला कांदा भिजला, मल्चिंग पेपरखाली चिखल. त्या आठवड्यात ज्यांचं रान मोकळं होतं, ते जानेवारीत वेळेवर लागण करून १५ मेच्या आत प्लॉट संपवणारे होते. उशिरा लावून जूनचा भाव पकडू पाहणाऱ्यांच्या हाती लागले मोडलेले बांबू.

तेव्हापासून इथे काही जण नियोजनाचा कागद उलटा भरतात: आधी प्लॉट उपटायची तारीख, मग तिथून मागे मोजत लागणीची, मग रोपांच्या नोंदणीची. वेलवर्गीय आणि टोमॅटो १५ मेपर्यंत संपवायचे, कांदा त्याआधी चाळीत, तार आणि बांबू मेच्या तिसऱ्या आठवड्यात गोळा. मेनंतर रानात राहील ती फक्त भेंडी-गवार, जी भिजली तरी घर बुडवत नाही.

२०२५च्या पावसाळ्यात भाटघर आणि वीर ही धरणं भरली, उजनीही भरली. अशा वर्षी कालव्याकाठी पहिल्यांदा वाढतो तो ऊस, आणि तो मार्चपासून प्रत्येक आवर्तनात आपला वाटा मागतो. विहिरी संक्रांतीपर्यंत काठोकाठ दिसतात. रोपवाटिकांत नोंदणी डिसेंबरअखेरच्या आधीच सुरू होते, आणि टोमॅटोच्या नोंदी गेल्या सालापेक्षा किती वाढल्या हे रोपवाटिकेचा मालक विचारलं तर सांगतो. फोन करून रोपं मागण्याआधी तेवढं विचारून घ्यावं.